सामानाचा राखणदार

बाबांच्या अस्थी घराण्याच्या थडग्यात ठेवायच्या त्या दिवशी, म्हणजे ते गेल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवशी, फुमिए आत्याने आणि मी पैज लावली. पैज गोंतावर होती. गोंता म्हणजे बाबांचा अकिता जातीचा कुत्रा. वजन बेचाळीस किलो, आणि बाबा गेल्यापासून तो कुणाचंच ऐकत नव्हता. मला त्याला सेंदाईला माझ्या घरी न्यायचं होतं.

"चार तास गाडीत पिंजऱ्याबाहेर?" आत्या म्हणाली. "तू मरशील, तो मरेल, आणि समोरून येणारा कुणीतरी बिचारा फुकट मरेल. आज संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात बसून प्रवास करून दाखवू दे त्याला, मग खुशाल ने. नाहीतर उद्या डोंगरावरच्या शिकाऱ्याकडे जाईल. मी शब्द दिलाय."

आत्याने एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं. सत्तरी झाली त्या दिवशी तिने आपलं लायसन्स स्वतःहून परत केलं. वाहतुकीचा कायदा मात्र स्वतःजवळच ठेवला.

बाबांच्या छोट्या ट्रकला दोनच सीटा. मागे उघडा हौदा, आणि हौद्यात बाबांनी गोंतासाठी ठोकलेला लाकडी पिंजरा, चार दोरांनी घट्ट बांधलेला. गोंताने त्यात कधी पाय ठेवला नाही. त्यात बटाटे असत. गोंता पुढे डाव्या सीटवर बसायचा, छातीच्या पट्ट्याला सीटबेल्ट अडकवून, बाबांच्या शेजारी.

त्या सकाळीही त्याने तेच केलं. मी सुके मासे दाखवले, विनवण्या केल्या, शेवटी मागून ढकललं. तो वळसा घालून डाव्या दाराशी गेला, सीटवर चढला आणि सरळ समोर बघत बसला.

"आत्या, तू टॅक्सीने ये," मी म्हणाले.

तिच्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश होता. "दादाला टॅक्सीत घालू? जन्मभर टॅक्सीवाल्यांना शिव्या दिल्या त्याने." मग तिने हिशेब मांडला. "कायद्याने आपण माणसं दोन. तू चालवणार. कुत्रा म्हणजे सामान. दादा, तोही सामान."

"आत्या!"

"मी नाही, कायदा म्हणतो. हौद्यात माणूस बसवायचा नाही. सामानावर नजर ठेवायला लागेल तेवढाच चालतो." ती एकदम थांबली. गृहपाठ न करता सुटका झालेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला. "शिहोको, स्टूल आण."

सुतकाचा काळा पोशाख, डोक्यावर शेजाऱ्याचं हेल्मेट, खाली उशी, मांडीवर बाबा, अशी आत्या हौद्यात बसली. मी आतल्या रस्त्याने हळूहळू निघाले.

पुलाजवळ पोलिसाने थांबवलं. पन्नाशीचा माणूस. त्याने आधी सीटबेल्ट लावलेल्या गोंताकडे पाहिलं, मग मागे.

"कुत्रा पुढे आणि माणूस मागे?" तो म्हणाला. आणि मग, "बाई? फुमिएबाई?"

"ओइकावा ना तू? रिव्हर्समध्ये तीनदा नापास झालेला."

"चारदा," त्याच्या तोंडून निघून गेलं. मग तो सावरला. "बाई, हौद्यात बसायला मनाई आहे."

"सामानाची राखण सोडून. कलम सांगू?"

"पण सामान कुठंय?"

आत्याने कलश किंचित उचलला. "हा माझा दादा."

ओइकावाने टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. वर आला तो पुन्हा पोलीस होऊन. "पण बाई, राखणीची गरजही असायला हवी. हे आता... कुठे पळून जाणार?"

"तू ओळखत नव्हतास त्याला. देवळात जायचं म्हटलं की हा मागच्या दाराने पसार. आज पहिल्यांदा हाती लागलाय."

मी स्टिअरिंगकडे बघत राहिले. मला हसू येत होतं, आणि ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

ओइकावा देवळापर्यंत आमच्या मागे मागे आला.

विधी लवकर आटोपला. दगड सरकवला, कलश आत ठेवला, दगड पुन्हा जागेवर आला. गोंता फाटकाबाहेर बांधलेला होता. तो भुंकला नाही.

आम्ही परत आलो तर ओइकावा ट्रकपाशी उभाच. तो अदबीने म्हणाला, "बाई, आता सामान नाही."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"बरोबर," आत्या म्हणाली. "शंभरपैकी शंभर."

सोडल्याबरोबर गोंता डाव्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी पुन्हा मासे काढले. त्याने तोंड फिरवलं.

"जाऊ दे, आत्या. जिंकलीस तू. शिकाऱ्याला फोन कर." मी मासे पिशवीत टाकले आणि गोंताच्या मानेवर हात ठेवला.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स ओइकावाच्या हातात दिली, स्टुलावरून हौद्यात चढली, गुडघे टेकले आणि डोकं आधी घालून पिंजऱ्यात शिरली.

"वा!" आतून आवाज आला. "काय झकास जागा आहे! गोंता, आजपासून ही माझी!"

गोंताचे कान ताठ झाले. दहा वर्षं ज्या जागेला त्याने हुंगलंही नव्हतं, तिथे दुसरं कुणी बसलेलं त्याला खपेना. एका उडीत तो हौद्यात होता, दुसरीत पिंजऱ्यात.

"अगं बाई! पाठीवर बसलाय मेला! ओढा मला!"

ओइकावाने एक पाय धरला, मी दुसरा. देवळाचे भिक्षू झाडू घेऊन बाहेर आले, त्यांनी हे पाहिलं आणि तसेच आत गेले. आत्या बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत बटाट्यांची माती होती. गोंता आतच राहिला, जागा जिंकल्याच्या तोऱ्यात. आत्याने स्वतः कडी लावली आणि चारही दोर ओढून पाहिले.

"तू मदत केलीस त्याला," मी म्हणाले. "पैजेत हे चालतं?"

"कुठल्या कलमात नाही म्हटलंय?" तिने हेल्मेट चढवलं आणि पिंजऱ्याला टेकून बसली. "ओइकावा, बेचाळीस किलो सामान. राखण हवी की नको?"

"हवी, बाई."

मी आत बसले. डावी सीट रिकामी होती. मी तिच्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे, मागची काच खाडखाड वाजली.

"बघत काय बसलीस? आधी आरसा नीट कर! सेंदाईला अशी निघालीस तर दोघांना परत बोलावीन!"

मी आरसा सरळ केला. त्यात आत्याचं हेल्मेट दिसत होतं, आणि फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेलं एक काळं नाक.