बुडाविना माठ

उल्हास नदीच्या काठाला, शहाडच्या कुंभारआळीत, उजाडलं की थापांचा आवाज सुरू व्हायचा. कल्याणात आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण आळी जागी व्हायची ती बायांच्या थापटण्यानं. पुरुषानं चाकावर माठाचा गळा नि खांदा उठवायचा, खालची बाजू उघडीच ठेवायची. रातभर तो सावलीत सुकला की बाईनं आतून गुळगुळीत दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं थापायचं, पोट फुगवायचं, बूड मिटवायचं. चाकाला मात्र तिनं शिवायचं नाही. चाक देवाचं.

हौसाबाईचा नवरा सहदेव दिवाळीत गेला. चौदाव्या दिवशी धाकट्या दिरानं, धाकूनं, तिच्या ओसरीवरचं चाक उचलून आपल्या घरी नेलं. तिनं फुटक्या घागरीचं बूड पालथं घातलं, त्यावर मातीची भाकरी थापली, वळीवर वळी चढवली आणि हातानंच माठ घडवू लागली. शिमगा आला तेव्हा पडवीत बारा माठ उभे होते. जरा रुंद, एखादा मानेत तिरपा, पण अंगानं दणकट.

भाजायचं तेवढं राहिलं. आळीचा आवा एकच, त्यात सगळ्या घरांची भांडी. आव्यात जागा मिळाली तर तिची चूल तिची राहणार होती. नाहीतर दिराच्या उंबऱ्यात जन्मभर ताट मांडून बसणं.

आवा रचायच्या आदल्या सांजेला आळीतल्या वडीलधाऱ्या पोपटबाबांनी निवाडा दिला. चाकावर न चढलेलं मडकं, त्यातून विधवेच्या हातचं, आव्यात घातलं तर आवा कोपेल. तिनं दिराचे माठ थापावेत आणि दोन घास सुखानं खावेत, नको कोण म्हणतंय?

"बाबा," हौसाबाई म्हणाली, "माझी थाप भावजींच्या माठाला चालते, नि माझ्याच माठाला बाटवते होय?"

बाबा खोकत उठले नि घरात गेले.

सकाळी धाकूनं नेहमीसारखे चोवीस गळे तिच्या पडवीत आणून मांडले. हौसाबाईनं थापटणं धुतलं, पुसलं, खुंटीला टांगलं आणि पाय पसरून तांदूळ निवडायला बसली.

ऊन चढू लागलं. माती दुपारपर्यंतच ऐकते. मग ताठते, आणि थाप बसली की तडकते. धाकू दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यानं बायकोला, मालनला, पुढं घातलं. मालनला थापायला हौसाबाईनंच शिकवलं होतं, हे आळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक. मालननं एक गळा मांडीवर घेतला, उलटसुलट पाहिला आणि अलगद खाली ठेवला.

"माझ्या हाताला नाय जमत," असं म्हणून तीही जावेजवळ तांदूळ निवडायला बसली.

धाकूनं रागानं स्वतःच थापटणं काढलं. पहिल्या गळ्याला भोक पडलं. दुसरा फाटला. तिसऱ्याचं बूड मिटता मिटता सगळं त्याच्या मांडीवर बसलं. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, धाकूशेट, टोपी शिवतायसा काय? आळी हसली. धाकूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वहिनी," तो शेवटी खाली बघत म्हणाला, "काय करू म्हणता?"

"माझे बारा आव्यात नेऊन ठेवा. कडेला नाही, पोटात. जिथं आच नीट लागते तिथं. आणि तुमच्या हातानं."

धाकूनं पोपटबाबांच्या ओट्याकडे पाहिलं. बाबांनी पाठ फिरवून तंबाखू मळायला घेतली. धाकूनं ओला हात धोतराला पुसला, पहिला माठ दोन्ही हातांवर तोलून उचलला, आणि सगळ्या आळीच्या देखत आव्याकडे चालू लागला. बारावा जागेवर बसेपर्यंत हौसाबाई उठली नाही.

मग तिनं थापटणं हाती घेतलं. तोवर सहा गळे ताठून वाया गेले होते. उरलेल्यांतला एक तिनं मालनकडे सरकवला, आणि थापेच्या ठेक्यावर, बाबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, ओवी धरली.

चाक फिरे गरागरा, गळा देई मडक्याला
बूड देते माझी थाप, पाणी ठरतं ग त्याला

दुसरी ओळ मालननं उचलली. तिच्या हाताखाली बूड कसं सुरेख मिटत होतं.