फुग्याच्या मानेची गाठ

टोळाला 'टोळ' हे नाव खुद्द अप्पांनी ठेवलेलं. धड चालता येत नव्हतं तेव्हापासून हे पोरगं जिथे चढेल तिथून उडी मारायचं. पलंगावरून, खिडकीतून, एकदा तर पाण्याच्या टाकीवरून. आई होती तोवर तिच्या जिवाला नुसता घोर. दुसरा बाप असता तर पाठ सोलून काढली असती. अप्पांनी त्याला हवेतून अलगद उतरायची छत्री शिवून दिली.

ते घरच तसलं होतं, त्याला कोण काय करणार! अप्पा फुगेवाले. पोरांच्या हातात देतात ते फुगे नव्हेत. माणसं घेऊन आभाळात जाणारा, मैदानात उभा केला की आजूबाजूची घरं बुटकी दिसावीत असा रेशमी फुगा. तो शिवायची ताई, म्हणजे टोळाची थोरली बहीण. उडवायचीही तीच, अप्पांचे गुडघे गेल्यापासून. आणि टोळ काय करायचा? तर फुगा उंच गेला की टोपलीतून खाली उडी मारायचा. लोक पैसे देऊन यायचे ते खरं तर त्यासाठीच. फुगा वर जातो त्याचं कौतुक घटकाभर. माणूस खाली पडतो ते बघायला मात्र सगळा गाव माना मोडून उभा.

दोघं लहान असताना अप्पा त्यांना गच्चीवर न्यायचे. एका हातात लोखंडी हातोडा, दुसऱ्या हातात लाकडी चमचा, आणि दोन्ही एकदम सोडून द्यायचे. "आधी काय पडेल?" टोळ ओरडायचा, "हातोडा!" आणि दोन्ही फरशीवर एकदमच आपटायचे. मग अप्पा एक कागद सोडायचे. तो डुलत, रमतगमत, शेजाऱ्याच्या अंगणात. "जमिनीला सगळे सारखे," अप्पा म्हणायचे, "भेदभाव करते ती हवा. तिच्याशी गोड राहायचं." विज्ञान त्यांनी पोरांना असं शिकवलं. पुस्तकं होती घरात, पण अप्पांच्या तोंडून ऐकण्यात जी मजा होती ती पुस्तकात कुठली!

त्या घरात एक नियम होता. तो नीट ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

फुग्याला खाली एक नळी असते, तिला हे लोक मान म्हणायचे. पिंपात लोखंडाचा कीस आणि तेजाब घालून जो हलका वायू निघतो, तो त्या मानेतून फुग्यात भरायचा. भरून झालं की उडेपर्यंत मान कापडाच्या पट्टीनं बांधून ठेवायची, नाहीतर वाऱ्याबरोबर आत साधी हवा शिरते. आणि सुटायच्या आधी ती गाठ आठवणीनं सोडायची. कारण वर जावं तशी बाहेरची हवा विरळ होते, आतला वायू फुगत जातो. त्याला खालून निघायला वाट हवी. वाट नसली तर रेशीम किती ताणणार? शिवाय फुग्याच्या टाळूवर जी झडप असते, जी उघडून खाली उतरायचं, तिची दोरीसुद्धा मानेतूनच खाली येते. मान बांधलेली म्हणजे दोरीही आवळलेली.

तर नियम असा, की ज्याची गाठ त्यानंच सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. इतकंच काय, दुसऱ्याच्या गाठीकडे वर बघायचंसुद्धा नाही. दोघांनी भरवशावर ठेवलेली गाठ दोघांच्याही हातून राहते, असं अप्पांचं म्हणणं होतं. वर बघितलं म्हणजे संशय घेतला, आणि संशय घेतला की अप्पांच्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही.

आणि मानेची गाठ पहिल्यापासून अप्पांची.

गेल्या काही महिन्यांत अप्पांचं काहीतरी बिनसलं होतं. चहात मीठ घालायचे. ताईला तिच्या आईच्या नावानं हाक मारायचे. परवा कात्री शोधत घरभर फिरले, आणि कात्री हातात. ताई सगळं बघत होती, पण बोलायचं कुणाशी?

त्या दिवशी सकाळी मैदानावर तिनं धीर केला. "अप्पा, आज मान मी बांधू का?"

अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं त्यांना घराबाहेर काढलं होतं. "असं कर," ते म्हणाले, "माझे हातच तोडून टाक एकदाचे. म्हणजे कटकट मिटली."

टोळानं तिला बाजूला ओढलं. "काय गं ताई, सकाळी सकाळी म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल असं बोलतेस?"

"टोळ्या, ते विसरतात रे. तुला दिसत नाही?"

"विसरतात ते चहातलं. गाठ विसरणार आहेत का? तेवढंच उरलंय गं त्यांच्याकडे. राहू दे."

तिनं राहू दिलं. बापाचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं.

अप्पा शिडीवर चढले, आईच्या जुन्या शालीची ती विटकी पट्टी मानेला आवळली. दुपारी फुगा टच्च भरला. सुटायची वेळ झाली तसे अप्पा पुन्हा शिडीवर चढले. गर्दी दोरांपर्यंत येऊन ठेपली होती, आणि गर्दी दिसली की अप्पांना गोष्ट सांगायची हुक्की यायची. "मंडळी, फुग्यात बसून पहिल्यांदा वर कोण गेलं, ठाऊक आहे? माणूस नाही! एक मेंढी, एक कोंबडा आणि एक बदक! आता बदकाला उडता येतं, त्याचं काय एवढं कौतुक?" लोक हसले. "खाली उतरल्यावर बघतात तर कोंबड्याचा पंख दुखावलेला. सगळे शहाणे घाबरले, म्हणाले, वरच्या हवेनं झालं! शेवटी कळलं, निघायच्या आधी मेंढीनं लाथ मारली होती!" मैदान खदखदून हसलं. अप्पांचा हात मानेपर्यंत गेला होता. ताईनं तो जाताना पाहिला. मग लोकांना हात करत अप्पा शिडीवरून उतरले आणि नेहमीसारखे ओरडले, "सोडा!"

तिनं वर बघितलं नाही. बघावंसं वाटलं, अगदी आतून वाटलं. पण अप्पा समोरच उभे होते, डोळे भरून तिच्याकडे बघत. तिनं मान खालीच ठेवली.

फुगा सुटला. मैदान पोळपाटाएवढं झालं, मग बशीएवढं. टोळ छत्रीचे पट्टे अंगाला बांधून टोपलीच्या काठावर बसला होता, पाय बाहेर टाकून. छत्री फुग्याच्या कुशीला बारीक दोरीनं टांगलेली. त्यानं उडी मारली की त्याच्या वजनानं दोरी तुटायची, छत्री उघडायची. फुगा ढगात शिरला, सगळीकडे पांढरं झालं.

"फार वर चाललोय," ताई म्हणाली आणि तिनं झडपेची दोरी ओढली. दोरी जागची हलली नाही.

तिनं दोन्ही हातांनी ओढली. मग वर बघितलं. फुगा ताणून ताणून चकाकत होता, शिवणी करकरत होत्या, प्रत्येक टाका तिनं स्वतः घातलेला. आणि मानेला ती पट्टी, घट्ट बांधलेली.

टोळानंही वर बघितलं.

"उडी मार," ताई म्हणाली. "टोळ्या, छत्री आहे तुझ्याकडे. मार उडी!"

"आणि तू?"

"माझं मी बघते."

"काय बघतेस, कपाळ? मी उडी मारली की टोपली हलकी झाली. हा तुला घेऊन असा वर जाईल, की अप्पांनासुद्धा पत्ता लागायचा नाही. मग फुटेल." तो पट्टे सोडायला लागला. "सरक. मी चढतो."

"पट्टे कशाला सोडतोस?"

"बांधून चढू कसा? मधेच छत्रीची दोरी तुटली तर गाठ तशीच राहील, मी खाली नि तू वर."

"मग मी चढते!"

"तू?" एवढ्या वेळेलाही तो हसला. "गच्चीवर चढताना तुला धाप लागते. चाकू दे."

तिनं चाकू दिला. त्याचं मनगट धरलं. "ऐक. मान सुटली की वायूचा लोट तोंडावर येईल. छाती भरून घे आणि श्वास कोंडून धर. खाली येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कळलं का?"

"हो गं बाई. लहान आहे का मी?"

तो टोपलीच्या वरच्या लोखंडी कड्यावर उभा राहिला, तिथून फुग्याभोवतीच्या जाळ्याच्या दोऱ्यांवरून सरसर वर गेला. पाण्याच्या टाकीवर जायचा तसाच. ताई खालून नुसती बघत होती. देव, आई, सगळ्यांना साकडं घालत होती. त्यानं एका हातानं दोरी धरली आणि दुसऱ्या हातानं पट्टी कापली. फुस्सकन आवाज झाला. मान फडफडली, शिवणींची करकर थांबली. पट्टी गाठीसकट ताईच्या पायाशी येऊन पडली.

वाचलो! तिला रडूच फुटलं.

आता फक्त तोंड मिटून खाली यायचं होतं. पण तोंड मिटून बसणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. शाळेत नाही, आईच्या दुखवट्यात नाही. कुणाला हसवायची संधी दिसली की त्याची जीभ वळवळायची. त्यानं खाली बहिणीकडे बघितलं. ती रडताना दिसली.

"ताई," तो हसत म्हणाला, "अप्पांना सांगू, मेंढीनं बांध..."

पुढचा शब्द घ्यायला त्यानं श्वास घेतला, आणि त्या श्वासात हवा नव्हतीच. त्याचा चेहरा नवल वाटल्यासारखा झाला. बोटं सुटली. तिनं हात टाकला तेव्हा त्याची बाही तिच्या बोटांना लागली, लागली एवढंच. तो ढगात खाली गेला. ओरडलासुद्धा नाही.

आणि फुगा, एका माणसाच्या वजनानं हलका झालेला फुगा, तिला घेऊन वर उसळला. भाऊ खाली चाललेला आणि ही वर. तिनं किंकाळी फोडली ती कुणाला ऐकू जाणार? तिला माहीत होतं ना, हातोडा आणि चमचा कसे पडतात ते.

मान उघडी होती म्हणून फुगा फुटला नाही. किती वेळ ती टोपलीच्या तळाशी पडून होती, तिला सांगता आलं नसतं. मग हात आपोआप कामाला लागले. झडप उघडली. फुगा उतरायला लागला, आणि वायू फार गेलेला असल्यामुळे नको तितका जोरात उतरायला लागला. तिनं वाळू ओतली, पिशव्या टाकल्या. फुगा अडकवायचा नांगरही फेकून दिला. ढगाच्या खाली आली तर नदीपलीकडची नांगरलेली जमीन नुसती अंगावर धावून येत होती. टाकण्यासारखं आता एकच उरलं होतं.

तिनं पट्टे धरून सगळा भार टाकला, छत्रीची दोरी तोडली आणि पट्टे बाहेर सोडून दिले.

पट्ट्यांच्या लोखंडी कड्यांचं वजन होतं तेवढ्यानं छत्री खाली ओढली गेली, तिच्यात हवा भरली, आणि ती उघडली. पांढरी शुभ्र, गोल. अशी सुरेख ती कधी उघडली नव्हती. डुलत, रमतगमत निघाली. आणि नदीच्या त्या बाजूला, मैदानावर, टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक टोप्या उडवत होते. एवढ्या लांबून कुणाला दिसतंय, छत्रीखाली माणूस आहे की नाही!

टोपली आपटली, फरफटली, थांबली. ताई बाहेर आली. ती गाठ मुठीत आवळलेली. येऊ देत अप्पांना, ती मनाशी म्हणत होती, येऊ देत. तोंडावर फेकते ही गाठ. सांगते, घ्या, तुम्हाला हात हवे होते ना तुमचे!

अप्पांना कुणीतरी गाडीत घालून पुलावरून आणलं. उतरले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ढेकळांतून अडखळत, लगबगीनं आले. चेहरा आनंदानं फुललेला.

"पाहिलंस? काय झकास उघडली गं! या डोळ्यांना अंधूक दिसतं, तरी दिसली मला! लोक तर वेडे झालेत तिकडे. कुठे उतरला तो? येऊ दे, पाठ थोपटतो त्याची."

सगळा राग कुठल्या कुठे गेला, उरलं ते त्याहून वाईट होतं. तिची मूठ उघडली.

अप्पांनी पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली. कापलेली टोकं चाचपली. मग गाठ चाचपली.

"ही माझी गाठ आहे," ते म्हणाले.

"हो, अप्पा."

"मी सोडली होती ना गं?"

ती त्यांच्या बोटांतल्या पट्टीकडे बघत राहिली.

"पण... छत्री तर उघडली. मी पाहिली."

"उघडली, अप्पा."

"मग?"

"टोळ नव्हता तिच्यात."

अप्पा उभेच राहिले. मग हळूहळू ढेकळांवर बसले. पलीकडे अजून टाळ्या वाजत होत्या. त्यांनी पट्टी मांडीवर घेतली आणि नखांनी गाठ सोडवायला लागले. गाठ सुटत नव्हती. ते थांबायचे, डोळे पुसायचे, पुन्हा नख घालायचे.

ताई शेजारी बसली. गाठ सोडायला मात्र तिनं हात पुढे केला नाही. ती अप्पांची होती.