मनात लावलेले ठोकळे

शाळेने चिठ्ठीत स्पष्टच लिहिलं होतं: बुद्धिमापनात सत्तरच्या खाली गुण आले, तर संघमित्राला विशेष शाळेत हलवावं. संघमित्रा आठ वर्षांची. तिची आई शकु घाटकोपरला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. ती बाहेर बाकावर बसली होती आणि आत, मुलुंडच्या एका दवाखान्यात, मानसतज्ज्ञ रेवती घड्याळ लावून मुलीची चाचणी घेत होती.

अर्जावरचा विक्रोळीच्या वस्तीचा पत्ता वाचला तेव्हाच रेवतीने आकड्याचा अंदाज बांधून टाकला होता. अकरा वर्षं ती हेच काम करत होती. त्या गल्ल्यांतली मुलं खालीच येतात, हे तिला पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीवर कोण कशाला विचार करतंय!

तोंडी प्रश्नांत पोरगी बरी चालली. ठोकळ्यांपाशी मात्र घोडं अडलं. पांढऱ्या टेबलावर मांडलेले लाल-पांढरे नऊ ठोकळे जुळवून समोरच्यासारखं चित्र करायचं. एरवी मुलं सूचना संपायच्या आत ठोकळ्यांवर झडप घालत. ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. सात चित्रं, सात शून्यं. एकूण गुण आले अडुसष्ट.

आवरता आवरता रेवतीने सहज विचारलं, ठोकळे आवडले नाहीत का.

"आवडले ना. पण पांढऱ्या टेबलावरच्या कशाला हात लावायचा नाही. आई लॅबमध्ये नेते ना, तिकडे तसंच असतं." मग हळूच म्हणाली, "मी मनात लावले."

रेवतीला हसू आलं. सांग बघू, म्हणाली. तर पोरगी डोळे मिटून सांगायलाच लागली. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. कुठला ठोकळा कुठे, कुठली बाजू वर, अर्धा लाल असलेला कसा फिरवायचा. सातव्या चित्राला रेवतीला स्वतःला उत्तराचं पान उघडावं लागायचं. पानावर बोट ठेवून ती ऐकत राहिली. पोरगी एकदाही चुकली नाही.

रेवतीने पान मिटलं. एवढं अचाट काहीतरी हातभर अंतरावर चाललं होतं आणि आपण घड्याळ बघत बसलो होतो! अकरा वर्षांत आणखी किती जणांना आपण असंच शून्य दिलं असेल, या विचाराने तिला बसवेना.

तिने अडुसष्टवर रेघ मारली, हा आकडा धरू नये असं लिहून सही केली आणि शकुला आत बोलावलं.

शकुने लेकीकडे बघत विचारलं, "मॅडम, नाही ना जमलं तिला?"

"तिला सगळं जमलं, ताई," रेवती म्हणाली. "मलाच विचारता आलं नाही."