दोन्हीला आपल्यात थांबणंच

विशाखाच्या बाळंतपणासाठी रत्नमालाबाईंना इंग्लंडला जायचं होतं, म्हणून रोज संध्याकाळी मोबाइलवर मायलेकींची शिकवणी चाले. पुंडलिकनगरच्या शाळेत उभी हयात मराठी शिकवलेल्या बाईंची जीभ इंग्रजीत मात्र अडखळायची.

"विमानतळावर साहेब विचारील, हाऊ लाँग विल यू स्टे? काय सांगशील?"

"आय विल वेट थ्री मंथ्स."

विशाखाला हसू आवरेना. "अगं आई, वेट म्हणजे कुणाची तरी वाट बघत थांबणं. स्टे म्हणजे मुक्कामाला थांबणं, न जाणं."

"दोन्हीला आपल्यात थांबणंच की!" बाई म्हणाल्या खऱ्या, पण फोन ठेवला आणि त्यांना माहेरचा, कन्नड गावचा एसटी स्टँड आठवला.

बारावीनंतर वसतिगृहात राहून शिकायला त्या निघाल्या होत्या. वस्तीतून शहरात शिकायला जाणारी पहिलीच पोरगी. पोचवायला अर्धी वस्ती आली होती. वडील कडुबा ज्याला त्याला जयभीम घालत मिरवत होते. माय, केसरबाई, तेवढी गप्प. गाडी हलली आणि मायनं एकदम हाक मारली, "रत्ने, थांब!" पण गाडी थांबली नाही. ती हाक पुढं कितीतरी दिवस कानात राहिली. माय जाऊ नको म्हणत होती का? विचारायचा धीर कधी झाला नाही.

आज त्यांनी मायला फोन लावला.

"माय, मी शिकायला निघाले तवा तू थांब म्हणालीस. जाऊ नको म्हणत होतीस का गं?"

"नाय गं बाई! भाकरीचं गठुडं माझ्याच काखंत राहिलं व्हतं." म्हातारी हसली. मग म्हणाली, "पर गाडी थांबली असती, तर उतर म्हणलं असतं. लई जिवावर आलं व्हतं. बरं झालं, नाय थांबली."



"आन् तुझा बाप," माय सांगू लागली, "गाडी दिसंनाशी झाल्यावर तिथंच फरशीवर बसला, लेकरावानी रडला. कोणाला सांगू नको म्हणला. म्या आजवर सांगितलं नव्हतं."

कडुबांना जाऊनही वर्षं लोटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी कन्नडची एसटी धरली. परदेशी जायच्या आधी त्यांना मायच्या तोंडून बापाचं अजून खूप ऐकायचं होतं.