तीन गोळे

तार काढायला नोएमीने यंत्राच्या मागे हात घातला, तर तार आधीच निघालेली होती.

तिने वाकून पाहिलं. करड्या पेटीमागची खाच रिकामी होती आणि तारेचं टोक टेबलाच्या पायाशी धुळीत पडलं होतं. झाडताना कुणाचा धक्का लागला असेल, किंवा तिचाच पाय. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता, पण तो पेटीला वीज मिळतेय एवढंच सांगतो. त्या पेटीतून ओरेस्तेंच्या दंडात, तिथल्या नसेत बसवलेल्या केसाएवढ्या तारांमध्ये, सकाळपासून काहीही गेलेलं नव्हतं.

आणि सकाळी ओरेस्तेंनी जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली होती.

"काय हरवलं गं?" मागून ओरेस्तेंनी विचारलं. डोळ्यांवरची पट्टी नुकतीच काढल्यामुळे ते डोळे चोळत होते.

"काही नाही. तुम्ही व्हा पुढे जेवायला. मी आलेच."

"जेवायला बोलवायचं आणि स्वतः गायब व्हायचं. उगाच म्हणत नाहीत, पिसाचा माणूस दारात येण्यापेक्षा घरात मढं परवडलं."

हे ते दर खेपेला म्हणत, आणि पिसा शहरातली नोएमी दर खेपेला, ओरेस्तेंच्या करारा या खाणींच्या गावातल्या लोकांच्या डोक्यात संगमरवराचा भुगा भरलाय असं उत्तर देई. आज ती टेबलाखालीच बघत राहिली. ओरेस्तेंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं, घरून आणलेली, डुकराच्या खारवलेल्या चरबीच्या कापांची पुडी उजव्या हातात घेतली आणि ते खानावळीकडे गेले.

ओरेस्तेंनी जन्मभर दगडाच्या वखारीत काम केलं होतं. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एक लादी साखळीतून सुटली आणि त्यांचा डावा हात मनगटापासून गेला. या प्रयोगासाठी त्यांनी दोनदा दंड चिरून घेतला होता. प्रयोग सांगायला सोपा होता. तीन गोळे: स्पंजाचा, लाकडाचा, पोलादाचा. आकार सारखा, वजनही बेतून सारखं केलेलं. ओरेस्तेंचे डोळे बांधायचे, कानांवर हेडफोन चढवून त्यात नुसती घरघर सोडायची, आणि एकेक गोळा टेबलावर टेकवलेल्या त्यांच्या कृत्रिम हातात द्यायचा. बोटं आपोआप आवळली की गोळ्याच्या कडकपणाप्रमाणे पेटी नसेत झिणझिणी सोडते, आणि मेंदूला वाटतं, आपल्याच बोटांना लागलं. ओरेस्तेंनी सांगायचं: मऊ, मध्यम की कडक.

नोएमीची गेली चार वर्षं या तीन गोळ्यांत गेली होती. पुढच्या आठवड्यात तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. आईने फुलवाल्याकडे पदवीच्या दिवशी डोक्यावर घालायचा तमालपत्रांचा हारसुद्धा सांगून ठेवला होता. पण आत्ता, जमिनीवर गुडघे टेकून बसलेल्या नोएमीच्या डोळ्यांपुढे तो हार आला नाही. लुक्का गावची ती पाववाली मुलगी आली. याच निकालांच्या भरवशावर नोएमीचे मार्गदर्शक प्रोफेसर बालदेस्की आणखी सहा जणांच्या दंडात तारा बसवणार होते, आणि त्यातली पहिली ती होती. कणीक मळायच्या यंत्रात तिचा हात गेला होता. सोमवारी सकाळी तिचं ऑपरेशन होतं.

म्हातारा फसवतोय, हा नोएमीच्या मनातला पहिला विचार. पट्टी सैल असेल, खालून दिसत असेल. या विचाराची तिला लाज वाटली, पण त्याने थोडं बरंही वाटलं, कारण मग चूक दुसऱ्याची ठरत होती. तिने सकाळचं चित्रीकरण लावलं.

पट्टी घट्ट होती. हेडफोन जागच्या जागी होते. ओरेस्तेंची मान सरळ, ओठांवर शाळेतल्या हुशार मुलासारखं हसू. ती स्वतः त्यांच्या डाव्या बाजूला उभी. उजव्या हाताने गोळा देतेय. आणि तिचा डावा हात त्यांच्या खांद्यावर.

तिने तेवढा भाग पुन्हा पाहिला. स्पंजाचा गोळा देताना खांद्यावरची तिची बोटं नुसती टेकलेली. लाकडाच्या वेळी जराशी वाकलेली. पोलादाच्या वेळी त्यांच्या सदऱ्याला चुण्या पडत होत्या. पोलादी गोळा ओळखणं सगळ्यांत अवघड. तेव्हा तिचा जीव वर-खाली व्हायचा, आणि तो सगळा जीव तिच्या बोटांत उतरायचा. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिला स्वतःला कळलं नव्हतं. मऊ, मध्यम, कडक. ती स्वतःच उत्तरं देत होती.

नोएमीने चित्रीकरण थांबवलं.

प्रयोगाचे नियम तिनेच लिहिले होते. पण माणसाशी बोलताना त्याला हात लावायचा नाही, हे नियमात लिहायला आधी सुचावं तर लागतं. पहिल्या दिवशी ओरेस्ते थरथरत होते, म्हणून तिने खांद्यावर हात ठेवला आणि पुढे तो तिथेच राहिला. प्रयोगशाळेत दहाजण येत-जात होते, कुणाला खटकलं नाही. खटकणार कसं? खुद्द बालदेस्की समोरच्याची बाही धरल्याशिवाय हवापाण्यावरही बोलत नाहीत. एखादा फिनलंडचा, हातभर लांब उभं राहून बोलणारा पाहुणा आला असता, तर दारातूनच ओरडला असता.

मग तिने पहिल्या दिवसाचं चित्रीकरण काढलं. ते साऱ्या जगाला पाठ होतं. ओरेस्तेंचा चेहरा, मग ते कापऱ्या आवाजात म्हणतात, "बोटं... माझी बोटं आली," आणि पट्टीखालून पाणी वाहतं. परिषदांमध्ये हे पाहून मोठमोठे डॉक्टर डोळे टिपत. करारातल्या बारमध्ये तेव्हापासून ओरेस्तेंना वाइनचे पैसे कुणी देऊ देत नव्हतं. नोएमीने ते शंभरदा तरी पाहिलं असेल, आणि शंभरदा त्यांचा चेहराच पाहिला होता. आज तिने खांदा पाहिला.

तिथेही तिचा हात होता.

ओरेस्ते जेवून आले तेव्हा तार जागेवर होती. नोएमीने ती दोनदा ओढून पाहिली होती, पेटी पुरत्या जोरावर ठेवली होती. तिच्या मनात एकच आशा उरली होती: माझ्या हाताने मदत केली असेल, पण पेटीही काम करत असेल. दोन्ही खरं असू शकतं. प्रार्थना वगैरे ती करत नसे, पण आज करायला तिची हरकत नव्हती.

"अजून एक फेरी?" ओरेस्तेंनी विचारलं. "चेहरा बघ तुझा. परीक्षा तुझी की माझी?"

"एकच. छोटी."

तिने पट्टी बांधली, हेडफोन चढवले आणि एक पाऊल मागे सरकली. डावा हात पाठीमागे घेऊन तिने मूठ वळली. मग नुसता उजवा हात लांब करून लाकडाचा गोळा कृत्रिम हातात ठेवला. बोटं हळूहळू मिटली. पेटीवरचे आकडे चढले. ओरेस्ते हसतमुखाने बसून होते.

तिने गोळा काढला आणि स्पंजाचा ठेवला. बोटं मिटली. ओरेस्तेंनी मान थोडी डावीकडे वळवली, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी.

तिने पोलादी गोळा ठेवला. आकडे इतके चढले की पेटी बारीक आवाजात कुरकुरू लागली.

"सुरू कर की पोरी," ओरेस्ते म्हणाले. कानात घरघर असल्यामुळे ते नेहमी मोठ्याने बोलत. "कशाची वाट बघतेस?"

नोएमी जागची हलली नाही. हेडफोन काढायचंही तिला सुचलं नाही. शेवटी ओरेस्तेंनीच उजव्या हाताने ते मानेवर उतरवले, पट्टी कपाळावर सरकवली, आणि त्यांना आपल्या मुठीतला पोलादी गोळा दिसला.

"हा कधी दिलास?"

"हा तिसरा," ती म्हणाली.

ते पेटीकडे बघत राहिले. "बंद आहे ना ती?"

"चालू आहे. सकाळी बंद होती."

मग तिने सगळं सांगितलं. तार, सकाळची उत्तरं, खांदा, बोटं. सांगताना तिने काही लपवलं नाही आणि आवाजही सावरला नाही. ओरेस्तेंचा उजवा हात सावकाश डाव्या खांद्यावर गेला आणि तिथे थांबला.

"आणि त्या पहिल्या दिवशी? मी रडलो ते?"

"तेव्हाही माझा हात होता."

"नाही," ओरेस्ते म्हणाले. "ती माझी बोटं होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. तू मला शिकवू नकोस. खांदा कुठला आणि बोट कुठलं, एवढं कळतं मला."

"ओरेस्ते..."

"परत लाव."

त्यांनी पट्टी स्वतःच खाली ओढली. हेडफोन मात्र चढवले नाहीत. त्याने आता काही बिघडणार नव्हतं. नोएमीने पोलादी गोळा काढून घेतला. मग टेबलावरून एक गोळा उचलून, पाऊलभर लांबूनच, त्यांच्या हातात ठेवला. बोटं मिटली.

ओरेस्तेंनी श्वास रोखला. कपाळावरची शीर फुगली. दगडाची लादी खांद्यावर घेतल्यासारखे ते ताठ बसले होते. त्यांच्या मुठीत स्पंज चेपून चपटा झाला होता, बोटांच्या फटींतून पिवळा बाहेर आला होता.

"कडक," ते म्हणाले.

नोएमी चेपलेल्या स्पंजाकडे बघत होती.

"कडकच आहे. बरोबर ना?"

उत्तर बरोबर की चूक, हे सांगायचं नाही, असा तिचाच नियम होता. चार वर्षांत तिने तो कधी मोडला नव्हता, निदान तिचा तसा समज होता.

"नाही," ती म्हणाली.

ओरेस्तेंनी पट्टी काढली नाही. तिने फोन उचलून बालदेस्कींचा नंबर लावला आणि तिथेच, ओरेस्तेंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की लुक्काच्या मुलीचं सोमवारचं ऑपरेशन थांबवा.