सर्व रोपे समान परिस्थितीत

बी इतकं बारीक की एक शिंक आली तर प्रबंध उडून जाईल, असं इथे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. नवा माणूस हसतो. पुढे हसत नाही.

*

ताईचा निरोप: 'गणवेश आणला. एक माप मोठाच घेतलाय. वाढत्या अंगाची आहे.'

*

दार आतून उघडायचं तर आधी मूठ वर, मग खांदा, मग एक शिवी. शिवीशिवाय उघडल्याचं कुणाला आठवत नाही.

*

"हे रोप वेळेवर फुलत नाही, हेच आपलं फळ," असं मार्गदर्शक सर म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश झाले.

*

शाळेच्या कंपासपेटीतली पारदर्शक मोजपट्टी. शून्याकडची बाजू झिजलेली.

*

कुणी खात नाही, कुणी हौसेने कुंडीत लावत नाही, कुणी केसात माळत नाही. शेळीसमोर ठेवलं तर शेळी आधी मालकाकडे बघेल.

*

आता हे सगळं एका खोलीत आणू.

खोलीला खिडकी नाही, दार तेवढं एक, ते शिवी खाऊन उघडणारं. हिला ग्रोथ रूम म्हणतात. लोखंडी फळ्या, फळ्यांवर ट्रे, ट्रेमध्ये चहाच्या कपाएवढ्या कुंड्या, आणि प्रत्येक फळीच्या डोक्यावर पांढऱ्या नळ्यांचा उजेड. दिवस किती लांब असायचा हे टायमर ठरवतो. पंख्यांचा आवाज इतका सारखा की तो बंद पडला तरच ऐकू येतो. कुंड्यांमध्ये अरॅबिडॉप्सिस. मोहरीची लांबची, गरीब बहीण. ती लहान आहे, पटकन वाढते, पटकन बी देते, तिची सगळी जनुकं वाचून झालेली आहेत. म्हणून वनस्पतींबद्दल काहीही विचारायचं झालं की जगभर आधी हिलाच विचारतात. हिची स्वतःची काही तक्रार आहे का, हे विचारायची पद्धत नाही.

खोलीत जी बाई वाकून उभी आहे, तिला प्रयोगशाळेत मोजपट्टी म्हणतात. कारण उघड आहे: ती हातातून सुटत नाही. तिने एका जनुकात बिघाड असलेली रोपं निवडली आहेत. म्युटंट. साधी रोपं महिनाभरात मधोमध दांडा काढून फुलतात. तिचे म्युटंट मातीला चिकटलेली पानांची चकती होऊन बसून राहतात, कितीतरी उशिरा फुलतात. म्हणजे ते जनुक फुलण्याची वेळ ठरवतं. हा तिचा प्रबंध. प्रयोगाची शेवटची खेप चालू आहे. ती झाली की प्रबंध सादर, आणि ती मोकळी.

मोकळी म्हणजे घरी. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा किनाऱ्याला लागतो. मुलगी ताईकडे, दुसऱ्या गावात. मुलीला टिल्ली म्हणतात. टिल्लीची शाळा थोड्या महिन्यांत सुरू होणार आणि शाळेच्या पहिल्या दिवशी आई असणार, असा शब्द आईने दिलेला आहे. फोनवर टिल्लीने विचारलं होतं, कधी येणार म्हणजे कधी? तेव्हा तिने मुलीला कळेल असं उत्तर दिलं होतं.

"माझ्या झाडांना फुलं आली ना, की लगेच."

रविवारी का येत नाहीस, या प्रश्नाचंही उत्तर ठरलेलं होतं: रोज मोजावं लागतं. प्रत्येक पान. एक दिवस चुकला तर आलेखात भोक.

वाक्य, पहिलं रूप

'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणातलं दुसरं वाक्य: *सर्व रोपे समान परिस्थितीत वाढवली.*

हे लिहिताना तिने चहाचा घोटसुद्धा थांबवला नव्हता.

सगळ्यात वरची फळी

जागा पुरली नाही म्हणून एक म्युटंट तिने वरच्या फळीवर, भिंतीकडच्या कोपऱ्यात सरकवून दिला होता. पुढे पाण्याचा पाइप आडवा. पाणी खालून ट्रेमध्येच सोडायचं, त्यामुळे त्या कुंडीपर्यंत जायची वेळ येत नव्हती. मोजायच्या रोपांत तिला धरलंच नव्हतं.

त्या दिवशी ट्रे साफ करायला ती स्टुलावर चढली आणि पाइपामागे पांढरं काहीतरी दिसलं.

दांडा. दांड्यावर फुलं. साध्या रोपांच्या बरोबरीने.

पहिला विचार सगळ्यांना येतो तोच आला: बी मिसळलं. हे बी हातमोज्याला चिकटतं, बाहीवरून प्रवास करतं, कुठेही उगवतं. तिने पानाचा तुकडा खुडला आणि खाली बुरशीकडे गेली. बुरशी म्हणजे पानांवरच्या बुरशीवर काम करणारा सहकारी. नावाला त्याची हरकत नव्हती, उलट ईमेलखाली तसंच लिहायचा.

"याचा डीएनए तपासून दे."

"विनंती असते, त्याला 'रे' लागतं."

"तपासून दे रे."

"काय गं, चेहरा का असा? कुणी मेलं?"

"फुललं."

बुरशीने तपासलं. जेलवर डीएनएची पट्टी म्युटंटची जिथे यायची तिथेच आली. म्युटंटच होता, अस्सल.

"मग याला काय वेगळं मिळालं?" बुरशी म्हणाला. "उजेड?"

"तोच."

"पाणी?"

"तेच."

"माती? खत? मंत्र?"

"गप्प बस जरा."

ती परत वर गेली. स्टुलावर चढून, सवयीने, मोजपट्टी पुढे केली. पाइप दंडाला टेकला. बोटं पानापासून वीतभर अलीकडेच थांबली. ती तशीच थांबली, हात लांब केलेला.

काय वेगळं मिळालं, हा प्रश्न चुकीचा होता. काय मिळालं नाही?

ती खाली उतरली आणि मधल्या फळीसमोर उभी राहिली. तिचे म्युटंट. रोज सकाळी यातलं एकेक पान तर्जनीने उचलायचं, खाली मोजपट्टी सरकवायची, पान टेकवायचं, सपाट करायचं, वाचायचं, सोडायचं. शेजारची साधी रोपं? ती तर वेळेवर फुलणारच होती. त्यांची पानं कोण मोजत बसतंय? ती दुरून मोजली होती, डोळ्यांनी, गठ्ठ्याने.

रोप हात लावलेलं ओळखतं. वाऱ्याने हलवलं, जनावर घासून गेलं, कुणी रोज गोंजारलं, की ते आखडतं, बुटकं राहतं, फुलणं पुढे ढकलतं. हे पुस्तकात आहे. तिने स्वतः शिकवलं आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना, फळ्यावर चित्र काढून.

खोलीत बसायला जागा नव्हती. ती ट्रे ठेवायच्या चाकाच्या गाडीवर बसली. गाडी थोडी मागे गेली आणि भिंतीला लागून थांबली.

वाक्य, दुसरं रूप

*मोजमापाचा अपवाद वगळता सर्व रोपे समान परिस्थितीत वाढवली.*

खोडलं. 'मोजमापाचा अपवाद' वाचून कुणालाच काही कळलं नसतं, आणि म्हणूनच ते तिला सुचलं होतं.

उलटी खेप

तिने कुणाला न सांगता नवी रोपं लावली. या वेळी साध्या रोपांना रोज मऊ ब्रशने गोंजारायचं आणि म्युटंटना अजिबात हात लावायचा नाही.

गोंजारणं सोपं होतं. हात न लावणं कठीण. एखाद्या म्युटंटचं पान दुमडलेलं दिसे, त्यावर मातीचा कण बसलेला दिसे, आणि हात आपोआप उठे. शेवटी ती दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घालून त्या फळीपुढून जायला लागली. बुरशीने दाराच्या काचेतून एकदा पाहिलं.

"पाहणीला आलेल्या मंत्र्यासारखी फिरतेस."

"बाहेर हो."

"मी बाहेरच आहे. आत तू आहेस."

ब्रश रोजच फिरवावा लागतो. एक दिवस चुकवून चालत नाही. ताईला तिने कळवलं, थोडे दिवस अजून. ताईने अंगठा पाठवला. ताई अंगठा पाठवते तेव्हा तिला खूप काही बोलायचं असतं.

मग म्युटंट फुलले. सगळे, वेळेवर, रांगेने, शाळा सुटल्यासारखे. आणि गोंजारलेली साधी रोपं चकत्या होऊन मातीला चिकटून बसली.

त्या जनुकाचा फुलण्याशी काहीएक संबंध नव्हता.

सर

"सर, जनुकाचं काही नाहीये. माझ्या हाताचं आहे."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, असं तिला तिथेच वाटलं.

"परीक्षक विचारतील?"

"नाही विचारणार. कुणीच विचारत नाही."

"मग?"

"मग काय सर? खोटं आहे ना ते."

"खोटं तू लिहिलंस तेव्हा नव्हतं. आता झालं." ते खुर्चीत मागे रेलले. "अगं, ते वाक्य माझ्या प्रबंधात आहे. माझ्या सरांच्या प्रबंधात होतं. तपासायला गेलं तर कुणाची रोपं समान असतात? कुणीतरी दाराजवळ, कुणीतरी पंख्याखाली."

"पण मला आता माहीत आहे."

"हं." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "सादर कर आणि घरी जा. पुढेमागे कुणीतरी चूक काढेल, तुला पत्र लिहील, तू उत्तर देशील. किंवा पहिल्यापासून कर. स्पर्शावर कर, चांगला विषय आहे. दोन वर्षं तरी धर. मी दोन्हीवर सही करीन."

"तुम्ही सांगा ना, काय करू."

"ते मी सांगणार नाही."

ती उठली. दाराशी पोचल्यावर सर म्हणाले, "मुलगी कितवीत जाणार?"

"पहिल्यांदाच जाणार, सर."

"अच्छा," सर म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.

फोन

"म्हणजे या वर्षी नाही. असंच ना?" ताई.

"ताई, चुकलंय सगळं. मुळापासून."

"कुणाला कळलंय का?"

"मला."

"तुला होय." ताईने मागे कुकर बंद केल्याचा आवाज आला. "लहानपणी पत्त्यात सुद्धा स्वतःची लबाडी स्वतःच सांगायचीस. आम्ही जिंकायचो आणि मजा जायची. मी सांगू हिला, की तू सांगतेस?"

"मीच सांगते. दे."

धप्प धप्प पावलं.

"आई! मी चित्र काढलं. शाळेचं. तू पण आहेस, दारात."

"हो? बघू हं मी. टिल्ले, ऐक ना..."

"फुलं आली का तुझ्या झाडांना?"

तिच्यासमोर मधली फळी होती. पांढरी, बारीक फुलं, दांड्यादांड्यावर; उशिरा का होईना, साध्या रोपांनाही.

नाही म्हणता आलं असतं. टिल्ली फळी बघायला येणार नव्हती.

"आली."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना आली."

"मग ये ना!"

पंखे चालू होते. टिल्लीने थोडा वेळ वाट पाहिली, मग तिकडे वळून ओरडली, "मावशी, आईचा आवाज येत नाहीये!"

वाक्य

*म्युटंट रोपांच्या प्रत्येक पानाला रोज हात लावला. साध्या रोपांना लावला नाही. या प्रयोगातून जनुकाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.*

तिने ते सरांना पाठवलं. मग ओल्या कागदावर नवं बी पसरलं आणि टूथपिकचं टोक भिजवून एकेक कण उचलून मातीवर ठेवू लागली. श्वास आवरून धरत. एका कुंडीत एक. एका कुंडीत एक.

*

टिल्ली ताईकडे राहायला गेली त्याच महिन्यात त्या गावाला थेट बस सुरू झाली होती. ती रोज सुटते; सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला पोचतं, आणि संध्याकाळी परत निघालं की दुसऱ्या सकाळच्या मोजमापाला हजर.