येऊन राह्यली

पुण्याच्या ऑफिसात माझ्या बोलीला हसणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. "मी येऊन राह्यली" म्हटलं की कुणीतरी विचारणारच, "येऊन राहिलीस? कुठे राहिलीस?" इतकी वर्षं झाली, विनोद तोच. आमच्या गडचिरोलीतल्या चामोर्शीकडे 'येऊन राह्यली' म्हणजे 'येते आहे', एवढी साधी गोष्ट या शहाण्यांच्या डोक्यात शिरत नाही. पण एक दिवस याच शब्दांनी माझी पंचाईत केली.

आमची कंपनी इमारतींच्या आतली हवा, पाणी, विजेची व्यवस्था आखून देते. गडचिरोलीत एका विद्यापीठाला इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी प्रयोगशाळा बांधायची होती. आमचे साहेब, दामले सर, यांनी ते काम माझ्याकडे दिलं आणि दोन आराखडे करायला सांगितले. एकात काचेची बंद इमारत, गच्चीवर पाणी थंड करणारा मोठा प्लँट आणि खोलीखोलीत एसी. तो चालवायला कंपनीचा माणूस तीन वर्षं तिथेच ठेवावा लागणार, आणि तो माणूस म्हणजे मी. दुसऱ्यात जाड भिंती, पश्चिमेला एकही खिडकी नाही, रुंद व्हरांडा, दुहेरी छत, जमिनीखालच्या नळांतून गार होऊन येणारी हवा आणि साधे पंखे. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत. वीज निम्म्याहून कमी, आणि मुक्कामी माणूस नको.

मला पहिला आराखडा हवा होता. सरळ सांगते, मला घरी जायचं होतं. धानाच्या बांध्यांवरून चालायचं होतं, आठवडी बाजारात मनसोक्त भांडून भाजी घ्यायची होती, आईच्या हातची अंबाडीची भाजी खायची होती. तोंड उघडलं की कुणी हसणार नाही, अशा जागी मला झोपायचं होतं. आईला मी फोनवर तसं थोडं बोललेही होते, आणि तिथेच चुकलं.

एका दुपारी माझा फोन टेबलावर राहिला आणि आईचा आलेला कॉल दामले सरांनी उचलला. "आमची उर्वशी येऊन राह्यली न जी?" आईने विचारलं. पोरगी कामावर आली का, एवढंच विचारते आहे, असं सरांना वाटलं. "हो हो, येऊन राह्यली आहे!" ते म्हणाले, आणि "तुमच्या भाषेत बोललो" असं मला कौतुकाने सांगायलाही आले.

संध्याकाळपर्यंत आईने मागच्या खोलीला चुना मारायला घेतला होता. खिडकीला गारव्यासाठी वाळ्याची नवी ताटी बांधली होती. "साहेबच म्हनला, आता तं पक्कंच झालं," ती फोनवर म्हणाली. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. "हाव," मी म्हटलं.

मग मी पहिल्या आराखड्याला लागले. तो चांगला दिसावा म्हणून जीव टाकला, पण जमेना. आमच्याकडे मे महिन्यात वावटळ सुटली की वीज जाते. तेव्हा त्या काचेच्या पेटीत पोरं काय करणार? मी स्वतः ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन परीक्षा दिल्या आहेत, पेपरवर घामाचे थेंब पडू नयेत म्हणून हाताखाली रुमाल ठेवून. माझा राग राग झाला, पण दुसराच आराखडा खरा होता. गडचिरोलीत विद्यापीठाच्या समितीपुढे मी तोच मांडला, आणि चहा यायच्या आत तो मंजूरही झाला.

"छान!" दामले सर खुशीत म्हणाले. "आता तुला इथे येऊन राहायची गरजच नाही."

त्या दुपारी मी घरी गेले. खोलीला ओल्या चुन्याचा वास होता. आई लोट्याने ताटीवर पाणी मारत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"पन साहेब म्हनला होता न?"

"त्यायले आपलं बोलनं समजलं नाई, आई."

ती पाणी मारतच राहिली. मग म्हणाली, "तिथी पोरायले गार वाटन का, मशीन नसून?"

"हाव."

"इमारत एवढी गार काऊन केली वं? थोडीशी गरम ठेवली असती, तं काय बिघडलं असतं?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. महिनाभर मीही स्वतःला तेच विचारत होते. आईने लोटा खाली ठेवला आणि ओल्या हातानेच माझं तोंड पुसलं. खोलीत खरंच फार गार वाटत होतं.

संध्याकाळी ती मला सोडायला स्टँडवर आली. बस सुरू झाली तशी खिडकीशी येऊन, जणू मधलं काही घडलंच नाही अशा आवाजात तिने विचारलं, "मंग? येऊन राह्यली न?"

"हाव," मी ओरडून म्हटलं, "येऊन राह्यली!"

तिने मान हलवली आणि हात वर केला. बस नागपूरच्या रस्त्याला लागली.